चिल्टर्नच्या पायवाटांवर पळताना: हक्क, चिखल आणि गाई

प्रश्न थोडक्यात असा आहे: "पुण्याहून नोकरीसाठी इंग्लंडमधल्या रीडिंगला आलोय. रस्त्यावरच्या हाफ मॅरेथॉन बऱ्याच झाल्या, साताऱ्याची हिल मॅरेथॉनही पळालोय. आता शहराबाहेरच्या इथल्या टेकड्यांवर पळायचंय. पण जिकडे बघावं तिकडे खासगी शेतं, कुंपणं आणि गुरं. कुठून जायला परवानगी असते? सुरुवात कुठे करावी? आणि साताऱ्याचा घाट चढलेल्याला इथल्या टेकड्या कितपत अवघड जातील?"

शेवटचा प्रश्न आधी घेतो. तुमच्या रीडिंगजवळच्या टेकड्या म्हणजे चिल्टर्न हिल्स; त्यांचं सगळ्यात उंच ठिकाण म्हणजे वेंडोव्हरजवळचं हॅडिंग्टन हिल, आणि तेही जेमतेम २६७ मीटर. यवतेश्वरचा घाट पळून चढलेल्या माणसाला हसू येईल असा आकडा आहे. पण घाटात एकदा चढ लागला की लागला, श्वासाला लय सापडते आणि माणूस चढत राहतो. इथे लय सापडते न सापडते तोच उतार येतो, मग फाटक, मग नांगरट, मग पुन्हा चढ. मी या भागात बरीच वर्षं पळतोय आणि नवख्यांना सोबत घेऊन जातो. रस्त्यावर दोन तासांत हाफ मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्याला नोव्हेंबरात तेवढ्याच अंतराला इथे पावणेतीन तास लागले तरी मी त्याला चांगलं पळालास असंच म्हणतो. अंदाजासाठी एक हिशोब धरा: चढाचा एक मीटर म्हणजे सपाटीचे साधारण आठ मीटर. वीस किलोमीटरच्या वाटेवर एकूण तीनशे मीटर चढ असेल, तर पायांना बावीस-साडेबावीस किलोमीटर पडले. चिखल त्यात धरलेला नाही.

आणि खरा विषय चिखलाचाच आहे. या भागात पळायचं असेल तर वेगाच्या आधी जमीन कळली पाहिजे. चिल्टर्न हा खडूचा डोंगर आहे, म्हणजे मऊ, पांढऱ्या, सच्छिद्र चुनखडकाचा. वायव्येकडची त्याची बाजू एकदम उभी उतरते, आग्नेयेकडची टेम्सच्या दिशेने सावकाश कलत जाते. पावसाचं पाणी खडूत मुरून जातं, त्यामुळे इथल्या बहुतेक दऱ्या कोरड्या. सह्याद्रीत जशी प्रत्येक घळीतून ओढ्याची वाट असते तसं इथे नाही. त्यामुळे खडूच्या उतारावरची वाट पावसानंतर लवकर वाळते आणि पळायला झकास असते. मात्र वर पठारावर गेलात की खडूवर चिकणमातीचा थर पसरलेला आहे आणि त्यात गारगोट्या खच्चून भरल्यात. ही माती पाणी धरून ठेवते. ऑक्टोबर ते मार्च पठारावरची सपाट वाट ही उतारावरच्या वाटेपेक्षा जास्त दमवते, हे नकाशावरच्या समोच्च रेषांवरून कधीच कळत नाही.

हा बदल डोळ्यांनी टिपता येतो. उतारावर पायाखालची माती फिकट, जवळजवळ राखाडी-पांढरी असते, मध्येमध्ये खडूचे तुकडे दिसतात, बुटाचा आवाज कोरडा येतो. चढ संपत आला की वीस-तीस पावलांत रंग विटकरी-तपकिरी होतो, गारगोट्या वर डोकावू लागतात आणि आवाज बदलून पचपच सुरू होते. तिथेच पावलं आखूड करायची. लांब टांग टाकणारा माणूस चिकणमातीत आधी मागे घसरतो आणि मग पोटरी धरून बसतो. ओल्या खडूचं तंत्र वेगळं. उघडा, गुळगुळीत झालेला खडू पावसात साबणासारखा निसरडा होतो आणि तिथे कितीही खोल खाचांचा बूट चालत नाही. अशा उतारावर वाटेच्या मधोमध न पळता कडेच्या गवतावरून जा, आणि वाट अरुंद असेल तर सरळ चालत उतरा. चालण्यात कमीपणा नाही. टेकड्यांवर पळणारे मुरलेले लोकही चालतात.

याच जमिनीने इथल्या गावांचं नशीब ठरवलंय. डोंगराच्या पायथ्याशी जिथे मुरलेलं पाणी झऱ्यांनी बाहेर येतं, तिथे युएल्मसारखी जुनी गावं वसली; युएल्मला वाहत्या झऱ्याच्या पाण्यावर वॉटरक्रेस या पाण्यात वाढणाऱ्या पालेभाजीचे वाफे आजही बघायला मिळतात. वर पठारावरच्या गावांचे मात्र पाण्याविना हाल व्हायचे. तिथल्या स्टोक रो गावात तुम्ही गेलातच पाहिजे, कारण तिथली विहीर बनारसच्या महाराजांनी दिलेली आहे. ईश्वरीप्रसाद नारायण सिंह हे ते महाराज. शेजारच्या इप्सडेनचे एडवर्ड रीड हिंदुस्थानात वायव्य प्रांतात मोठे अधिकारी होते. त्यांनी आझमगढकडे लोकांसाठी विहीर खोदवली होती आणि आपल्या गावाकडे पाण्याची कशी मारामार आहे, घरातलं शेवटचं पाणी प्यायल्याबद्दल एका पोराला आईने कसं बडवलं, हे त्यांनी महाराजांना सांगितलं होतं. महाराजांनी पुढे ते लक्षात ठेवून पैसे दिले. १८६३ मध्ये खोदाई सुरू झाली आणि १८६४ मध्ये विहीर गावाला खुली झाली. खोली ३६८ फूट, म्हणजे ११२ मीटर, आणि हे सगळं खोदकाम हातांनी, अवघ्या चार फूट व्यासात. वर घुमटाची छत्री आहे आणि पाणी ओढायच्या यंत्रावर सोनेरी हत्ती. ऑक्सफर्डशायरच्या बीच जातीच्या झाडांमध्ये ही छत्री दिसली की आपल्याकडचा कुठलाही माणूस थबकतोच. पण पळणाऱ्याने त्यातून घ्यायची गोष्ट साधी: पठारावर पाणी मिळत नाही. ११२ मीटर खाली आहे ते. तासाभरापेक्षा जास्त पळणार असाल तर पाणी पाठीवर घेऊनच निघा. पब आणि दुकानं वेळेवर उघडी सापडतील या भरवशावर राहू नका.

आता परवानगीचं. इथे परवानगीचा प्रश्नच येत नाही, वहिवाटीचा हक्क असतो. जमीन शेतकऱ्याची, पण तिच्यावरून जाणारी सार्वजनिक पायवाट ही कायद्याने रस्ताच आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून अशा वाटांची लांबी सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर भरते. हे आयतं मिळालेलं नाही. १९३२ मध्ये पीक डिस्ट्रिक्टमधल्या किंडर स्काउटवर गिरणी-कारखान्यांतले तरुण बंदी मोडून चढले आणि काहींनी तुरुंगवास भोगला. पुढे १९४९ च्या कायद्याने प्रत्येक कौंटीला, म्हणजे जिल्ह्याला, वाटांची नोंद करून अधिकृत नकाशा ठेवणं भाग पडलं. त्या नकाशावर वाट असेल तर ती एखाद्याच्या परसातून गेली तरी तुम्ही बिनदिक्कत जाऊ शकता. सुरुवातीला फार संकोच वाटतो. कुणाच्या तरी खिडकीसमोरून, कपडे वाळत घातलेल्या दोरीशेजारून पळताना आपण चोर आहोत असं वाटतं. घरातला माणूस मात्र हात हलवून "मॉर्निंग" म्हणतो आणि आपल्या कामाला लागतो.

खांबांवरच्या गोल चकत्यांवर बाण असतात, त्यांचे रंग पाठ करा. पिवळा बाण म्हणजे पायी जाणाऱ्यांची वाट. निळा म्हणजे ब्रायडलवे: पायी, घोड्यावरून आणि सायकलवरून. जांभळट बाणाच्या वाटेवर घोडागाड्याही चालतात, आणि लाल बाणाच्या वाटेवर मोटारींनाही मुभा. रिजवेसारख्या राष्ट्रीय वाटेवर ओकच्या फळाची खूण असते. बाण ज्या दिशेला वळलेला आहे ती दिशा गंभीरपणे घ्या. तो किंचित डावीकडे झुकलेला असेल तर वाट खरोखरच शेतातून तिरकी डावीकडे जाते, कुंपणाकडेने नाही. शेताच्या मधोमध वाट नांगरलेली दिसली तर गोंधळू नका. शेतकऱ्याला ती नांगरता येते, पण पेरणीसाठी पहिल्यांदा नांगरल्यावर १४ दिवसांत आणि त्यानंतरच्या प्रत्येक मशागतीनंतर २४ तासांत किमान एक मीटर रुंदीची वाट पुन्हा करून द्यावी लागते. दिली नसेल तर पिकातून सरळ रेषेत जाण्याचा तुमचा हक्क शाबूत राहतो. पीक वाचवायचं म्हणून भलत्याच बांधावरून वळसा घेतलात तर उलट तुम्हीच हक्काच्या वाटेबाहेर गेलात! सोबत चार-पाच जण असतील तर एकामागे एक पळा, म्हणजे शेतकऱ्याचंही नुकसान होत नाही.

नकाशा ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर १७१ घ्या, तोच या भागाचा. प्रमाण १:२५,०००, म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर चार सेंटिमीटर. हिरव्या तुटक रेषा म्हणजे हक्काच्या वाटा: आखूड तुकडे पायवाटेचे, लांब तुकडे ब्रायडलवेचे. काळ्या तुटक रेषा नुसत्या जमिनीवर दिसणाऱ्या वाटा आहेत, त्यावर हक्क असेलच असं नाही. इथे बरेच जण फसतात. घड्याळात दुसऱ्या कुणाचा तरी मार्ग भरून घेऊन त्यामागे जाण्यावर माझा फारसा विश्वास नाही. तो माणूस ऑगस्टमध्ये गेलेला असतो आणि तुम्ही जानेवारीत. मार्ग स्वतः नकाशावर बोटाने काढा, दरीत उतरणाऱ्या आणि पठारावर चढणाऱ्या जागा आधी हेरा. मग फोनवर ठेवा हवा तर. दऱ्यांमध्ये फोनला रेंज जाते हेही गृहीत धरा. त्यासाठी आजच एक काम करून टाका: ९९९ या आणीबाणीच्या नंबरवर 'रजिस्टर' असा इंग्रजी शब्द मेसेजने पाठवून नोंदणी करा. बोलण्याइतकी रेंज नसताना कधीकधी मेसेज जातो.

गुरांबद्दल तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, कारण आपल्याकडच्या सवयी इथे उपयोगी पडत नाहीत. आपल्या गावची गाय माणसांत वाढलेली, दाव्याला बांधलेली. हट म्हटलं की सरकते. इथला कळप उन्हाळाभर मोकळ्या कुरणात असतो आणि पळत येणारा माणूस त्याला काहीतरी भलतंच वाटतो. फाटकापाशी पोचलात की आधी थांबा. कुरणात काय आहे ते बघा: नुसत्या कालवडी आणि गोऱ्हे असतील तर त्या कुतूहलाने घोळक्याने मागे धावत येतील, भीती वाटेल, पण त्यांना बहुतेक वेळा फक्त बघायचं असतं. तिथे पळू नका, त्यांच्याकडे तोंड करून हात पसरून उभं राहा आणि मोठ्याने बोला. चार हातांवर त्या थबकतात. मग चालत पुढे व्हा. वासरं असलेल्या गाई ही गोष्ट वेगळी. गाय आणि तिचं वासरू यांच्या मधून कधीच जायचं नाही. मान खाली, कान पुढे, पाय आपटतेय असं दिसलं तर मागे फिरा आणि कुंपणाच्या पलीकडून वळसा घ्या. अशा वेळी थोडं वाटेबाहेर जाणं रास्तच आहे. कुत्रा सोबत असेल आणि गाय अंगावर आली तर त्याची दोरी सोडून द्या. गाय कुत्र्यामागे जाते आणि तो तिच्यापेक्षा वेगाने पळतो. तुम्ही त्याला उचलून धरलंत तर मात्र ती तुमच्यावर येते. वळूबद्दलही नियम आहे. दुभत्या जातीचा, दहा महिन्यांहून मोठा वळू वाट जाणाऱ्या कुरणात ठेवता येत नाही. मांसासाठीच्या जातीचा वळू गाई-कालवडींसोबत असेल तर चालतो, आणि तो बहुधा सुस्त पडून असतो. त्याला तसंच पडू द्या.

घोडे भेटले तर लांबूनच आवाज द्या, मागून गपचूप धावत जाऊ नका. फाटक जसं सापडलं तसं ठेवा: बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. उघडं ठेवलेलं फाटक बरेचदा पाण्याच्या हौदाकडे जायला मुद्दाम उघडं ठेवलेलं असतं.

मार्गाचं सांगतो. गाडी नसली तरी अडत नाही. रीडिंगहून लोकल गाडीने गोरिंग अँड स्ट्रीटली स्टेशन गाठायला फार वेळ लागत नाही. टेम्सने खडूचा डोंगर कापून केलेल्या खिंडीतच हे गाव आहे. इथून रिजवे ही वाट जाते. विल्टशायरमधल्या ओव्हर्टन हिलपासून आयव्हिंगहो बीकनपर्यंत १४० किलोमीटर. पहिल्या खेपेला गोरिंगहून उत्तरेला नदीच्या कडेने साउथ स्टोक, नॉर्थ स्टोकपर्यंत जा आणि त्याच वाटेने परत या. सपाट आहे, चुकायची भीती नाही, फाटकं आणि बाण यांची सवय होते. हे अंतर हलकं वाटायला लागलं की पुढे माँजवेलला जा. तिथे रिजवे नदी सोडून पूर्वेला वळते आणि ग्रिम्स डिच या लोहयुगातल्या चराच्या काठाने चढू लागते. मला विचाराल तर या भागातला पळण्यासाठी सर्वांत देखणा तुकडा हाच. एका हाताला चर, दुसऱ्या हाताला उघडं शेत, डोक्यावर झाडांची कमान. चढ इतका हळू येतो की कळत नाही. पण मुळं आणि गारगोट्या पानांखाली दडलेल्या असतात, त्यामुळे ऑक्टोबरनंतर पावलं उचलून टाका. वाट नफील्डला पोचते. मॉरिस मोटारीवाले लॉर्ड नफील्ड इथेच राहायचे आणि त्यांच्या अस्थी गावच्या चर्चच्या आवारात आहेत. तिथून दक्षिणेला स्टोक रो, मग जंगलातून चेकेंडन, आणि पुन्हा उतरत गोरिंग. ही सगळी फेरी तीसेक किलोमीटरची होते, म्हणून ती वसंतासाठी राखून ठेवा. गाडी असेल तर स्टोक रो ते चेकेंडन आणि परत, आजूबाजूच्या बीचच्या रानातून एखादा फाटा जोडून, आठ-दहा किलोमीटर होतात. नवख्यांना मी तिथेच नेतो.

या बीचच्या रानांचीही ओळख असू द्या. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथे कारागीर रानातच बसून खुर्च्यांचे पाय कातायचे आणि ते हाय विकंबच्या कारखान्यांत जायचे. म्हणून झाडं अशी सरळसोट आणि दाट. सावलीमुळे खाली झुडपं कमी, त्यामुळे वाट नेमकी कुठली हेच कळत नाही, सगळीकडे सारखाच पाचोळा. खोडांवर रंगवलेले पांढरे बाण शोधत जावं लागतं. एप्रिलच्या शेवटी-मेच्या सुरुवातीला याच रानांत ब्लूबेल फुलतात. फोटोसाठी वाट सोडून त्यांत शिरू नका. तुडवलेल्या रोपाला सावरायला काही वर्षं लागतात. डोक्यावर लांब, दुभंगलेल्या शेपटीचे पक्षी घिरट्या घालताना दिसतील, त्या तांबड्या घारी. इंग्लंडमधून त्या नामशेष झाल्या होत्या. १९८९ पासून स्पेनमधून पिल्लं आणून याच डोंगरांत सोडली आणि आता त्या इतक्या आहेत की स्थानिक लोक वर बघतही नाहीत.

ऋतूप्रमाणे वाटा बदलतात, हे कुठलंच ॲप सांगत नाही. मेमध्ये मोहरीसारखं पिवळं रेप पीक खांद्यापर्यंत येतं आणि पहाटे दवाने माणूस कमरेपर्यंत भिजतो. जून ते ऑगस्ट अरुंद पाणंदींमध्ये नेटलची आग करणारी झुडपं माजतात, त्यांचा दंश तासभर चुरचुरतो. लांब पँट किंवा गुडघ्यापर्यंतचे मोजे घाला. ऑगस्टात कापणी झाली की धसकटांतून पळायला मजा येते. १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी फेझंट पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम. बारांचे आवाज ऐकून घाबरू नका. वाटेवर लोक दिसले की शिकारी थांबतात, पण आपणही चमकदार रंगाचा शर्ट घालावा. रविवारी ही शिकार कायद्यानेच बंद असते, त्यामुळे हिवाळ्यात रविवार सकाळ सर्वांत निवांत. डिसेंबरात सूर्य चारच्या आत मावळतो आणि रानात त्याच्याही आधी अंधारतं. दुपारच्या जेवणानंतर निघायची आपली सवय असेल तर कपाळावरचा दिवा पिशवीत ठेवाच.

बुटांवर फार लिहित नाही, कारण दुकानदार लिहितातच. खडूवर आणि कोरड्या उन्हाळ्यात चार मिलिमीटरच्या खाचा पुरतात, पठारावरच्या हिवाळी चिखलाला सहाच्या आसपास हव्यात, आणि खाचांमधलं अंतर मोठं हवं म्हणजे चिखल गळून पडतो. एकच जोड घ्यायचा तर हिवाळ्याचा घ्या. वॉटरप्रूफ बूट मात्र नकोत: घोट्यावरून आत शिरलेलं पाणी बाहेर यायला वाटच नसते. पाठीवर पाणी, खायला काहीतरी (चिक्की उत्तम टिकते, थंडीत दगड होणाऱ्या चॉकलेटपेक्षा बरी), पातळ जॅकेट, शिट्टी आणि फोन. संकटात मिनिटाला सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट शांतता, आणि पुन्हा तेच. पब गाठलात तर बूट दाराबाहेर काढा, मोज्यांवर आत गेलात तरी कुणी काही म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र पळून आल्यावर, आंघोळीला जाताना करायची. या रानांत हरणं आहेत, म्हणजे गोचिड्या आहेत, आणि काहींमधून लाइम रोग होतो. वसंतापासून शरदापर्यंत गवतातून आलात की गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, केसांच्या कडेला नीट बघा. ती खसखशीच्या दाण्याएवढीही असू शकते. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी लगत पकडून सरळ वर ओढा. तेल, मेणबत्ती, चुना असले घरगुती उपाय नकोत. पुढच्या काही आठवड्यांत तिथे हळूहळू पसरत जाणारा लालसर गोल चट्टा उठला, तर तो खाजत नसला आणि ताप नसला तरी जीपीकडे, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे, जाऊन गोचीड चावल्याचं स्पष्ट सांगा. वेळेत प्रतिजैविकं मिळाली तर आजार बरा होतो. केव्हा आणि कुठल्या भागात पळालात तेही सांगा, म्हणजे डॉक्टरांना निदान सोपं जातं.